ताशी सहा मैल म्हणे! वॉक-बिहाइंड मोअरचा वेग आणि वळण, माझा अनुभव

कमर्शियल वॉक-बिहाइंड मोअरच्या (म्हणजे मागून चालत चालवायच्या, धंद्याच्या गवत कापायच्या मशीनच्या) ब्रोशरवर दोन आकडे ठळक छापलेले असतात, डेकची (ज्याच्याखाली ब्लेड फिरतात त्या पत्र्याच्या कवचाची) रुंदी आणि टॉप स्पीड. ३६ इंच, ताशी ६ मैल. गवताचा एक पट्टा कापून संपल्यावर मशीन फिरवून पुढच्या पट्ट्याला लावायला किती सेकंद लागतात हे कुठल्याच ब्रोशरवर नसतं, आणि इतका घाम गाळल्यावर आता माझं ठाम मत झालंय की पैसे मोजायच्या आधी बघायची गोष्ट तीच आहे, वेगाचं नंतर बघू.

मी न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत लॉन कापायचं काम करतो. बायकोच्या नोकरीमुळे इकडे आलो, माझा डिप्लोमा शेतकीचा, त्याला इथे कोण विचारतंय, मग वर्क परमिट हातात आल्यावर एका लँडस्केपिंगवाल्याच्या क्रूवर लागलो आणि गिऱ्हाइकं जमत गेली तसं पुढे स्वतःचं सुरू केलं. एडिसन, प्लेन्सबरो ह्या भागात आपली माणसं इतकी आहेत की बऱ्याच घरी कामाचं बोलणं मराठीतच होतं आणि एखाद्या काकू पाण्याच्या बाटलीबरोबर हातावर लाडू पण ठेवतात. आई मात्र फोनवर अजून विचारते, गवतच कापतोस ना रे, मग मशीन एवढं महाग कशाला.

तर हे मशीन म्हणजे पुण्यातल्या सोसायटीत माळीकाका ढकलतात ते २१ इंची प्रकरण नव्हे. पुढे दोन फिरती छोटी चाकं (कॅस्टर), त्यांच्यामागे जाड पत्र्याचा डेक, वर इंजिन, बहुतेकांवर कावासाकीचं, मागे दोन मोठी चाकं जी मशीन ओढतात, आणि त्याच्या मागे हँडल धरून तुम्ही चालत. वजन ४०० पौंडांच्या पुढेच. डेक ३२, ३६, ४८, ५२ इंच असे मिळतात, आणखी मोठेही आहेत. स्टिअरिंग नाही. कॅस्टर आपापले गरागरा फिरतात, त्यांच्यावर तुमचा काही ताबा नाही, त्यामुळे वळायचं म्हणजे मागच्या दोन चाकांच्या वेगात फरक पाडायचा, बस्स. तो फरक कसा पाडायचा ह्यावरून ह्या मशीनच्या दोन जाती पडतात, बेल्ट ड्राइव्ह आणि हायड्रो (चाकं तेलाच्या दाबावर फिरतात ते).

क्रूवर मला मिळालं ते बेल्टवालं, ३६ इंची, बरंच वापरलेलं. इंजिनाकडून पाच गिअरच्या गिअरबॉक्सकडे, आणि तिथून डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन बेल्ट थेट चाकांच्या ड्रमवर. हँडलला पिस्तुलासारख्या दोन ग्रिप. उजवी दाबली की उजवा बेल्ट सैल पडतो, त्या चाकाची ओढ जाते, आणखी दाबली की त्याच चाकाला ब्रेक लागतो. डावं चाक ढकलतच असतं, म्हणून मशीन उजवीकडे वळतं. आमचा फोरमन ग्वाटेमालाचा, बोलायचा कमी, त्याने एकदाच करून दाखवलं आणि निघून गेला. मला ते पटकन जमलं त्याचं कारण गावाकडचा पॉवर टिलर. सिंधुदुर्गात आमच्या भाताच्या खाचरात बैल गेल्यावर तोच होता, त्याच्याही हँडलखाली दोन क्लचच्या मुठी असतात, ज्या बाजूला वळायचं ती दाबायची. हात आधीच तयार होते म्हणा ना.

पण पॉवर टिलरने शिकवलेली दुसरी गोष्ट जास्त कामाला आली. टिलर घेऊन उतारावरून खाली येताना क्लच दाबला की तो उलट्या बाजूला वळतो. गावात नवीन पोराला हे कोणी सांगितलं नाही तर तो टिलरसकट खालच्या कुणग्यात (भाताच्या तुकड्यात) जातो. बेल्ट मोअरचं तेच आहे, अर्धवट. उतारावर खाली जाताना मशीन स्वतःच्या वजनाने पुढे पळायला बघतं आणि गिअर त्याला मागे धरून ठेवतो. अशावेळी उजवी ग्रिप निम्मीच दाबली की उजवं चाक मोकळं सुटतं, धरून ठेवणारं कोणी उरत नाही म्हणून ते डाव्यापेक्षा जास्त जोरात पळतं, आणि मशीन जातं डावीकडे! पूर्ण दाबली तर ब्रेक पकडतो आणि मग निमूटपणे उजवीकडे येतं. म्हणजे निम्मी आणि पूर्ण ह्यांच्यामध्ये एक क्षण असा असतो जिथे मशीन तुम्हाला विचारत नाही. सपाट लॉनवर हे कधीच कळत नाही. क्रूवर माझ्यानंतर आलेला एक मुलगा एका घराच्या उतरत्या ड्राइव्हवेच्या बाजूने असाच निघाला, हाइड्रेंजियाच्या वाफ्यात शिरला, फोरमन लांबूनच ओरडला, मालकीणबाई खिडकीत. वाफा नंतर आम्हीच नीट करून दिला.

आता वेगाबद्दल. ताशी ६ मैल म्हणजे साधारण साडेनऊ किलोमीटरपेक्षा थोडं जास्त. मुंबई मॅरेथॉनमध्ये ह्या वेगाने शेवटपर्यंत धावलात तर साडेचार तासांच्या आत ४२ किलोमीटर संपतात. असं धावत मशीन कोण चालवणार, आणि तेही जूनच्या उन्हात सेफ्टी बूट आणि कानावर मफ घालून? माणूस आरामात चालतो ताशी तीन मैल, भराभर चालला तर चार. त्यामुळे वॉक-बिहाइंडच्या मागे पायी चालणाऱ्याला चारच्या वरचा वेग म्हणजे गाडीच्या स्पीडोमीटरवरचा २२०, आहे पण कोणी बघितलाय. हां, मागे सल्की (उभं राहायची चाकांची पाटी) लावली तर गोष्ट वेगळी, त्यावर पुढे येतो.

शिवाय पाय चालले तरी ब्लेडचं काय. ब्लेडच्या टोकाच्या वेगाला अमेरिकन स्टँडर्डमध्येच मर्यादा आहे, मिनिटाला १९,००० फूट, आणि कंपन्या आधीच तिच्या जवळपास जाऊन बसलेल्या असतात. म्हणजे जमिनीवरचा वेग वाढवला म्हणून ब्लेड जास्त फिरणार नाही, तेवढ्याच फेऱ्यांत जास्त गवत त्याच्यापुढे येणार. मे महिन्यात इकडचं फेस्क्यू आणि ब्लूग्रास असं काही माजतं की आठवड्याने परत आलो तर ओळखू येत नाही, आणि त्या गवतात पाचव्या गिअरला गेलात की मागे उभ्या शेंड्या राहतात, नाहीतर कापलेल्या गवताचे ढेकूळ पडतात. मग तोच पट्टा परत. जुलैत ऊन लागून गवत झोपतं तेव्हा खुशाल पळवा, पण तेव्हा कापायलाच फारसं नसतं.

आता माझा आवडता हिशोब. समजा एक सरळ तुकडा आहे, ६० फूट बाय १०० फूट, ६,००० चौरस फूट, म्हणजे आपल्या भाषेत साडेपाच गुंठे. ३६ इंची डेक, त्यात तीन इंच पट्ट्यावर पट्टा चढवायला सोडले की हातात राहतात ३३. लांबीच्या दिशेने कापलं तर २२ पट्टे होतात आणि २१ वळणं. ताशी ४ मैलाने १०० फुटांचा एक पट्टा १७ सेकंदांत होतो, सगळे मिळून सव्वासहा मिनिटं. ताशी ६ मैलाने तेच चार मिनिटं दहा सेकंदांत. वाचली दोन मिनिटं, छातीत धाप लागून. आता वेग चारच ठेवा आणि फक्त वळण बघा. खराब मशीनला किंवा नवीन माणसाला एका वळणाला आठ सेकंद लागतात, मागे ओढ, पुढे ढकल, परत ओढ. चांगल्याला तीन. २१ वळणांवर प्रत्येकी पाच सेकंद म्हणजे पावणेदोन मिनिटं, आणि ह्यात पळावं लागत नाही. पण खरी गंमत पुढेच. इकडच्या घरांचं समोरचं अंगण १०० फूट लांब कुठे असतं, ड्राइव्हवे, पायवाट, मेलबॉक्स, झाडाभोवतीचे मल्चचे (लाकडाच्या चुऱ्याचे) गोल असं सगळं मध्ये येऊन तीस-तीस फुटांचे तुकडे उरतात. ३० फूट ताशी ४ मैलाने पाच सेकंदांत संपतात, आणि वळणाला आठ! म्हणजे कापण्यापेक्षा वळण्यातच जास्त वेळ. अशा ठिकाणी ब्रोशरवरचा सहा मैलाचा आकडा नुसता शोभेला.

म्हणूनच तुकडा नेहमी लांब बाजूने कापायचा. वरचाच तुकडा आडवा कापला तर ३६-३७ पट्टे आणि तेवढीच वळणं. हे सांगायची गोष्ट नाही खरं तर, नांगर धरलेल्या कोणालाही माहीत असतं, पण इथे पदवीधर माणसं घरच्या मोअरने आडवं कापताना रोज दिसतात.

बेल्टवर चांगलं वळण कसं घ्यायचं ते मला हळूहळू उमगलं. पट्ट्याच्या टोकाला हँडल किंचित खाली दाबायचं म्हणजे कॅस्टरवरचा भार हलका होतो, आतली ग्रिप दाबायची, आणि मशीन आतल्या चाकाभोवती अर्धा फेरा मारतं. मागच्या दोन चाकांतलं अंतर साधारण अडीच फूट असतं, त्यामुळे ते बरोबर अडीच फूट बाजूला येऊन उभं राहतं, म्हणजे जवळजवळ पुढच्याच पट्ट्यावर, सहा इंच चढवून. हिशोब छान बसतो. फक्त आतलं चाक पूर्ण ब्रेकमध्ये जागच्या जागी पिरगळलं तर खालचं गवत मुळासकट निघतं आणि तिथे ताटलीएवढा मातीचा डाग दिसतो, पावसानंतर तर हमखास. त्यावर उपाय असा की ब्रेकपर्यंत जायचंच नाही, ग्रिप दाबायची-सोडायची, दाबायची-सोडायची, चाक थोडं थोडं फिरत राहिलं पाहिजे. वळण मोठं होतं पण लॉन वाचतं. आणि त्यासाठी आधी कडेने दोन फेऱ्या मारून वळायला जागा करून ठेवायची, साडेपाच फुटांची. त्या दोन फेऱ्या घड्याळाच्या दिशेने मारायच्या कारण गवत बाहेर फेकणारं चूट उजवीकडे असतं, उलट दिशेने गेलात की सगळा चोथा फुलांच्या वाफ्यात नाहीतर शेजाऱ्याच्या गाडीवर.

बेल्टचं खरं दुखणं पाणी. सकाळी सातला ट्रेलर उघडला की दव, बेल्ट ओला झाला की घसरतो, आणि दोन्ही सारखे घसरले तर एक वेळ परवडतं, पण एकच घसरला की मशीन सरळ जायचं नाव घेत नाही. हातांनी ओढत पट्टा सरळ ठेवायचा. दुपारपर्यंत मनगटं अशी होतात की रात्री चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा. आणि कोपऱ्यात शिरल्यावर मागे यायचं कसं? रिव्हर्स गिअर असतो, पण गिअर बदलायला थांबावं लागतं, शिवाय काही मशीनवर रिव्हर्समध्ये बेल्ट ताणलेला राहावा म्हणून हँडल वर उचलून धरावं लागतं, त्यापेक्षा क्रूवरची सगळी माणसं न्यूट्रल करून पाठीने ओढायची. ४०० पौंड. कुंपणाच्या प्रत्येक कोपऱ्यात.

स्वतःचं मशीन घ्यायची वेळ आली तेव्हा डोक्यात हाच कोपरा होता. हायड्रोमध्ये बेल्ट-ड्रम नाही (ब्लेडला आणि पंपाला बेल्ट असतातच, पण चाकाला नाही), दोन्ही चाकांना वेगवेगळा पंप आणि वेगवेगळी हायड्रॉलिक मोटर. लिव्हर दाबत गेलात की चाक हळू होतं, मग थांबतं, आणखी दाबलं की उलटं फिरायला लागतं. गिअरच नाही. एक चाक पुढे आणि एक मागे केलं की मशीन जागच्या जागी गोल. ही कल्पना बसून चालवायच्या झिरो-टर्नमध्ये आधी रुजली, १९६० च्या दशकात कॅन्ससमध्ये जॉन रेगियर ह्यांनी ती मोअरला लावली आणि आज इथल्या प्रत्येक डीलरच्या दारात त्याचीच रांग उभी असते. बेल्टपेक्षा हायड्रो दोनेक हजार डॉलरने तरी महाग, कधी जास्तच, आणि जड पण.

डीलरकडे मी सोबत लांब मेजरिंग टेप घेऊन गेलो. काउंटरवरचा माणूस जरा बघतच राहिला. युक्ती सोपी आहे, ८८ फूट मोजून दोन खुणा करायच्या आणि मशीनला तेवढं पळवायचं. ताशी एक मैल म्हणजे मिनिटाला बरोबर ८८ फूट, त्यामुळे ६० ला लागलेल्या सेकंदांनी भागलं की थेट ताशी मैल मिळतात. १५ सेकंद लागले तर चार, दहा लागले तर सहा. दुकानामागच्या गवतावर दोन-तीन कंपन्यांची मशीनं अशी चालवून बघितली, आणि खरं सांगायचं तर वेगात कोणी कोणाला फसवलेलं नव्हतं, सगळी सहाच्या आसपास जात होती, माझेच पाय कमी पडत होते.

फरक दिसला तो वळवल्यावर. एकाची लिव्हर इतकी ताठ की थांबायच्या जागेपासून रिव्हर्समध्ये जायला मूठ आवळावी लागत होती, दिवसभर ते कोण करणार. दुसऱ्याचं उलट, जरा बोट लागलं की चाक मागे, गवत उपटायला अगदी सोयीचं. टोरोच्या काही मशीनवर पिस्तूल ग्रिपऐवजी टी-बार असतो, अख्खा दांडाच ढकलून चालवायचा आणि वळवायचा, मनगटांना बरा वाटला पण माझे हात टिलरचे, त्यांना मुठीच हव्या. मग मी एका मशीनबद्दल डीलरला म्हटलं, सपाटीवर नको, त्या पाण्याच्या खड्ड्याच्या उतारावर चालवून बघू दे. तिथे पावसाचं पाणी साठवायचा मोठा खोलगट भाग होता, ओलं गवत, उतार बेताचा. कंपन्यांच्या पुस्तकात १५ अंशांच्या वर नेऊ नका म्हणून लिहिलेलं असतं, हा त्याच्या निम्माही नसेल. आडवं चालवलं, मग खाली तोंड करून हळूच उजवी लिव्हर निम्मी दाबली. उजवीकडेच वळलं. कारण हायड्रोमध्ये चाक कधी मोकळं सुटतच नाही, तेल त्याला धरून असतं, वर जाताना पण आणि खाली येताना पण. माझ्यासाठी सौदा तिथेच झाला.

एक मात्र सांगतो, झिरो टर्न, झिरो टर्न असं जे सगळे करतात ते पट्टे कापताना फारसं कामाचं नाही. मशीन स्वतःच्या मध्याभोवती फिरलं तर ते परत त्याच पट्ट्यावर येऊन उभं राहतं ना, जो आत्ताच कापला! पुढच्या पट्ट्याला जायला बाजूला सरकावंच लागतं. हायड्रोची खरी किंमत आहे रिव्हर्समध्ये. पट्ट्याच्या टोकाला थोडं पुढच्या पट्ट्याच्या बाजूला तिरकं जायचं, मग दुसऱ्या चाकाला जोर देत मागे यायचं, आणि परत पुढे. इंग्रजी वाय अक्षरासारखं वळण, दोन्ही चाकं सतत फिरती, गवताला ओरखडा नाही. बघणाऱ्याला वाटतं ह्याला जास्त वेळ लागतो, पण हात बसला की तीन सेकंद. झाडाभोवतीच्या मल्चच्या गोलाला तर एका दमात वेढा पडतो, आतलं चाक हळू, बाहेरचं जोरात, ट्रिमरने नंतर करायचं काम निम्म्यावर आलं. आणि कुंपणाचा कोपरा, शिरलो, कापलं, लिव्हर दाबल्या, बाहेर. पाठ सुटली.

मग मीही सल्की घेतली, सगळे घेतात. सल्की म्हणजे मशीनच्या मागे अडकवायची चाकं लावलेली छोटी पाटी, तिच्यावर उभं राहायचं. राइट कंपनीची वेल्की नावाची सल्की इतकी प्रसिद्ध की कोणाचीही असली तरी बरेच जण वेल्कीच म्हणतात. आता मात्र सहा मैल खरंच वापरता येतात. मोठ्या उघड्या लॉनवर, चर्चच्या मागचं मैदान वगैरे, मजा येते. पण जे वेगात कमावलं ते वळणात गेलं, असं काही ठिकाणी झालं. वाय वळण घेताना मागे आलात की सल्की कडेला दुमडते आणि तिचं चाक मशीनच्या चाकाला नाहीतर तुमच्या घोट्याला शोधत येतं. मग टोकाला एक पाय खाली, पाटी पायानेच ढकल, वळ, परत चढ. शिवाय चढावर तुमचं वजन मागे पडतं, पुढचे कॅस्टर हलके होतात आणि नाक वर उचलतं, तेव्हा वळवायला गेलं तर मशीन ऐकतच नाही. म्हणून मी घर बघून ठरवतो. तीस फुटी तुकड्यांच्या घरी सल्की ट्रकमध्येच, पायी, ताशी साडेतीन-चार. जागा मोकळी असेल तरच लावायची.

सांभाळायचं म्हणाल तर हायड्रो शहाणं असलं तरी सरळ चालेल ह्याची खात्री नाही. मध्यंतरी माझं डावीकडे ओढायला लागलं. पंप गेला की काय म्हणून पोटात गोळा, पंपाची किंमत ऐकलीत तर तुमच्याही येईल. गल्लीतला एक जुना मेकॅनिक, इटालियन आजोबा, त्यांनी काही न उघडता आधी टायरमधली हवा मोजली. डाव्यात कमी. हवा कमी म्हणजे चाकाचा घेर कमी, तेवढ्याच फेऱ्यांत ते कमी अंतर कापतं, मशीन त्या बाजूला झुकणारच. हवा सारखी केली, थोडं उरलं होतं ते ट्रॅकिंगच्या (दोन्ही चाकांचा वेग जुळवायच्या) नटाने पाव फेरा देऊन काढलं, झालं. पैसे घेतले नाहीत, पण त्यांच्या घरामागचं गवत कापून आलो. आता सोमवारी सकाळी ट्रेलर जोडायच्या आधी हवा बघतोच. आणि तेल-फिल्टर बदलल्यावर चाकं उचलून, बायपास (चाकं मोकळी करणारा पंपाचा व्हॉल्व्ह) उघडून, लिव्हर पुढे-मागे करून आतली हवा काढायची असते, ती नाही काढली तर एक चाक दचकत दचकत चालतं आणि वळण घेताना नेमकं तेच दगा देतं.

बेल्टवालं एकदम वाईट असं मात्र म्हणणार नाही. नवीन धंदा सुरू करणाऱ्याला, सपाट लॉनं असतील, पैसे कमी असतील, तर ते बरंच. दुरुस्ती स्वतःला करता येते, बेल्ट, आयडलर (बेल्ट ताणून धरणारी पुली), स्प्रिंग, पाना हातात धरता येत असला की झालं. ओल्या सकाळी आधी फुटपाथच्या कडा आणि ट्रिमिंग उरकायचं, दव उडाल्यावर मशीन काढायचं. परवा नाशिकचा एक मुलगा भेटला, नुकताच सुरू करतोय, त्याला मी जुनं बेल्टचंच घे म्हणून सांगितलं, फक्त घ्यायच्या आधी उतारावर नेऊन निम्मी ग्रिप दाबून बघ, ब्रेक कुठे पकडतो ते तुझ्या हाताला कळू दे. आणि गेटचं माप घे. ३६ इंची डेक ३६ इंची गेटमधून जात नाही, चूट वर दुमडलं तरी पत्र्याची जाडी असतेच, मागच्या अंगणासाठी ३२ इंची मशीनं लोक उगाच घेत नाहीत.

माझ्याकडे अशी दोन गेटं आहेत. तिथे अजून २१ इंची ढकलतो. उभं राहून चालवायचं स्टँड-ऑन घ्यायचं डोक्यात आहे, त्यात सल्की दुमडायची भानगडच नाही, तुम्ही मशीनवरच उभे, वजन वळणाबरोबर फिरतं. डीलर म्हणतो ताशी आठ मैल जाईल. मी त्याला म्हटलं, पुढच्या आठवड्यात पाऊस पडून गेला की खड्ड्याच्या उतारावर घेऊन ये.